उजव्या पायावर पंधरा पौंड

नॉर्डहोकच्या शेतकरी सोसायटीत धान्याच्या गाड्या तोलायचं काम मार्लिस करते. सव्वीस वर्षं झाली. कोणाची गाडी रिकामी किती भरते, कोणाच्या मक्यात ओलावा नेहमी दोन टक्के जास्त निघतो, कोण रिकामी ट्रॉली तोलून घेताना एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवतो, हे सगळं तिला पाठ. गावातल्या माणसांबद्दल तिचं मत विचारलं तर ती सांगणार नाही. पण चर्चच्या पाद्रीबुवांपेक्षा तिला जास्त माहिती आहे, आणि तिची माहिती पौंडांत आहे.

म्हणून ऑगस्टातल्या जत्रेत डॉक्टर कर्बीनं तिला आपल्या काट्यांवर उभं राहायला बोलावलं, तेव्हा आजूबाजूचे चारपाच जण काडीवरचं मांस खायचं थांबवून बघायला लागले.

कर्बी हिलब्रँड्स हा कण्याचा डॉक्टर. औषध देत नाही, सुई टोचत नाही. मान आणि पाठ हातानं बसवतो. अमेरिकेतल्या या आयोवा राज्यात असा डॉक्टर प्रत्येक गावात एक तरी असतोच, आणि गाव दोन तटांत वाटलेलं असतं: त्याच्याकडे जाणारे, आणि जात नाही असं सांगणारे. दर जत्रेत कर्बीचं टेबल असतं. टेबलावर प्लास्टिकचा कणा, आणि खाली जमिनीवर, न्हाणीघरात ठेवतात तसले दोन वजनकाटे शेजारी शेजारी. एक पाय ह्याच्यावर, एक त्याच्यावर. दोन्हीकडे आकडा सारखा आला तर तुम्ही सरळ. नाही आला तर त्याची चिठ्ठी घ्यायची आणि दवाखान्यात यायचं.

"या मार्लिस. तोलणाऱ्यालाही कोणीतरी तोलायला हवं."

"तुझ्या काट्यांवर सरकारी शिक्का आहे का रे?" कर्बी आठ वर्षांचा असताना रविवारी तिच्या बायबलच्या वर्गात बसायचा. आता बेचाळीसचा झाला, टक्कल पडलं, तरी तिच्या तोंडी अरेतुरेच.

"न्हाणीघरातल्या काट्याला शिक्का कसला हो?"

"मग त्याच्यावर तोललेलं खरं नाही."

असं म्हणत चढली. डावीकडे एकाहत्तर, उजवीकडे शहाऐंशी. लोक हसले. मार्लिस हसली नाही. ती खाली उतरली, पाठमोरी फिरली आणि उलट्या बाजूनं पुन्हा चढली. शहाऐंशी उजव्या पायाबरोबर दुसऱ्या काट्यावर आले. मग तिनं पायानं दोन्ही काट्यांची अदलाबदल केली, जमीन कुठं उतरती नाही ना ते पाहिलं, आणि तिसऱ्यांदा चढली. शहाऐंशी. उजवा पाय.

"काटा बरोबर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?" कर्बीनं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून हवं होतं.

"म्हणजे मीच वाकडी आहे."

दुसऱ्या कुणाचं सांगणं तिनं उडवून लावलं असतं. काट्याचं तिला उडवून लावता येईना. असा एका अंगाला कललेला ट्रक आला असता तर तिनं खिडकीतूनच ओरडून माल नीट पसरायला लावला असता.

आणि बोटांची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मे महिन्यापासून बधिर होते. दुखत नव्हते, तिथं काही नव्हतंच. पावत्या चिकटलेल्या असल्या तर कळायचं नाही. जुलैत तिनं एकाची पावती दुसऱ्याला दिली, तीही दोनदा. त्यातला एक भला माणूस होता, त्यानं आणून दिली. दुसऱ्याकडे तिला स्वतः जावं लागलं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुगी सुरू झाली की दिवसाला तीनशे गाड्या येतात. तीनशे गाड्या आणि आठ बोटं, हा हिशेब जमणारा नव्हता.

दवाखान्यात काउंटरवर ट्वायला. शाळेपासून मार्लिसच्या वर्गातली. तिनं एक कागद पुढे केला. 'गेल्या पाच वर्षांत खालीलपैकी काय घडलं? मृत्यू. आजार. कामात बदल. घरात तणाव. झोप न येणे. खूण करा.'

मार्लिसनं कागद वाचला आणि शेवटच्या चौकोनात खूण केली: 'यांपैकी काही नाही.'

कर्बीनं तो पाहिला. "मार्लिस, मी अकरा वर्षांचे हे कागद जपून ठेवलेत. या कागदांवरून पाहिलं तर नॉर्डहोकइतकं सुखी गाव जगात नाही. दर दहा माणसांत नऊ म्हणतात, काही नाही. आणि एक्सरे काढला की दहाच्या दहा जणांचे खांदे कानाला लागलेले."

"माझे?"

"तुमचा उजवा कानाला लागलाय. फोन धरल्यासारखा." त्यानं तिच्या मानेच्या मुळाशी अंगठा दाबला. "इथं कळतं?"

"कळतं."

"इथं?"

"दाबतोयस का?"

तो दाबत होता. खांद्याच्या मागे, बराच जोरानं. त्यानं हात काढला आणि स्टुलावर बसला. "धोका दिसला की माणूस खांदे वर घेतो, श्वास धरतो, मान पुढे काढतो. कुत्रा अंगावर आला की होतं तसं. कुत्रा गेला की सगळं खाली येतं. तुमचं खाली आलेलंच नाही. दोन वर्षं, तीन वर्षं. रोज थोडं थोडं. मणके त्या ओढीनं सरकतात, मग नस दाबली जाते, मग बोटं. झोप कशी आहे?"

"ठीक."

"पोट?"

"ठीक." पर्समध्ये आम्लपित्ताच्या गोळ्यांची बाटली होती. सोळा दिवसांत शंभर संपल्या होत्या.

"कुत्रा कोणता ते सांगणार?"

"कुत्रा नाही आमच्याकडे," मार्लिस म्हणाली. "होता, तो मेला."

कर्बी उठला. एक्सरे काढला, आणि सोमवारची वेळ दिली. "सोमवारी सगळं दाखवतो आणि समजावतो. त्यानंतरच हात लावतो. पण एक नियम आहे, तुम्हाला ठाऊक असेल. नवऱ्याला घेऊन यायचं."

ठाऊक होता. कर्बीचा नियम सगळ्या गावाला ठाऊक होता. त्याच्या बापाचाही तोच होता, आणि त्या धंद्यात पुष्कळांचा असतो.

"त्याला कशाला? कणा माझा आहे."

"मी मोजलंय. जोडीदार येऊन ऐकून गेला तर दहातले आठ जण शेवटपर्यंत येतात. एकटे आले तर तीन. घरी गेल्यावर कोणीतरी म्हणतं, तुला काय धाड भरलीय, आणि संपतं. व्हर्लिन आल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

एवढंच अडलं होतं. एका माणसानं एका खुर्चीत अर्धा तास येऊन बसायचं.

व्हर्लिनच्या बासष्ट गाई तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेल्या. दूध परवडत नव्हतं. दोन मोठे ट्रक आले, सकाळी सात ते साडेनऊ, आणि गोठा रिकामा झाला. रान त्यानं शेजाऱ्याला खंडानं दिलं. रडला नाही, ओरडला नाही, दारूही वाढवली नाही. फक्त घरात बोलायचं थांबला. मीठ दे, बाहेर गारवा आहे, तुझ्या गाडीत पेट्रोल भरलं, इतपतच. बाकीचं बोलणं मार्लिसच्या वाट्याला आलं: बँक, चर्च, शेजारी, 'व्हर्लिन कसा आहे' असं विचारणारे. मजेत आहे, ती म्हणायची. दिवसाला सरासरी चार वेळा.

बाहेर मात्र तो बोलायचा. रोज साडेनऊला सोसायटीच्या कॉफीच्या खोलीत म्हातारे जमतात आणि चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवतात. हरेल त्यानं सगळ्यांची कॉफी पाजायची. त्या खोलीची खिडकी मार्लिसच्या वजनघराच्या बरोबर समोर आहे, मध्ये अंगण. दोन काचांतून तिला नवऱ्याचं तोंड हलताना दिसायचं. कधी तो हसायचा. आवाज येत नसे. ती पुढच्या गाडीचं बटण दाबायची.

आणि पहाटे चार. गाईंच्या वेळेला तो अजून उठायचा. ती जागी व्हायची आणि पडल्या पडल्या ऐकायची: जिना, स्वयंपाकघर, नळ. पुढचा आवाज मागच्या दाराचा नाही ना, दारानंतर शेडच्या कडीचा नाही ना. पश्चिमेच्या रस्त्यावरचा एक जण गाई विकल्यावर आठ महिन्यांनी शेडमध्ये गेला होता, तो जिवंत बाहेर आला नाही. त्याची बायको झोपली होती. मार्लिस झोपत नसे. चार ते सहा, रोज दोन तास, तीन वर्षं. हे तिनं कुठल्या कागदावर खूण करण्यासारखं मानलं नव्हतं. हे ती करायची, भांडी करतात तसं.

गुरुवारी संध्याकाळी बटाटे सोलताना ती म्हणाली, "सोमवारी तुला काही आहे?"

"का?"

"काही नाही."

शनिवारी गाडीत: "कर्बीच्या नियमाची गंमत ऐकलीस का?"

"कुठला कर्बी?"

"जाऊ दे."

रविवारी चर्चहून येताना तिनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं शेजाऱ्याच्या मक्याकडे पाहून म्हटलं, "खाली पानं पिवळी पडलीत." तीन आठवड्यांतलं हे त्याचं सर्वांत मोठं वाक्य होतं. तिनं ते मोडलं नाही.

सोमवारी ती एकटीच गेली.

"व्हर्लिन?" ट्वायलानं तिच्या मागे दाराकडे पाहत विचारलं.

"येणार होता गं. सोयाबीन काढायला गेलाय."

बोलून झाल्यावर मार्लिसला कळलं आपण काय बोललो ते. ऑगस्टची अठ्ठावीस तारीख. सोयाबीन कंबरेएवढं, हिरवंगार, शेंगा दाबल्या तर दूध निघेल असं. मुलुखात एक कापणीयंत्र शेडबाहेर निघालेलं नव्हतं. त्यात व्हर्लिनकडे रान नाही हे सगळ्यांना ठाऊक. सव्वीस वर्षं पिकांच्या तारखा लिहिणाऱ्या बाईनं असलं खोटं बोलावं! ताप आलाय, दात दुखतोय, काहीही चाललं असतं. पण या गावात नवरा कुठंही आला नाही तर एकच कारण सांगतात, रानात आहे, आणि तेच तिच्या तोंडून आपोआप निघालं.

ट्वायला हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "सोयाबीन," ती हळूच म्हणाली. "यंदा लवकर आलं म्हणायचं."

"कर्बीला सांग, मी एकटीच आहे. एकदा दाखवू दे, घरी जाऊन मी सांगते त्याला."

ट्वायला आत जाऊन आली. "गुरुवारी चार दहाची वेळ मोकळी आहे म्हणतो. दोघांना. मार्लिस, तू त्याला विचारलं आहेस ना?"

"विचारलंय."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, मक्याची पानं पिवळी पडलीत."

गोष्ट ट्वायलाच्या घरी गेली, तिच्या सासऱ्याच्या कानावर पडली, आणि सासरा हार्लन हा फाशांच्या टेबलावरचा सर्वांत मोठ्या तोंडाचा माणूस. मंगळवारी साडेनऊनंतर दोन काचांपलीकडे मार्लिसला दिसलं: हार्लन खुर्चीत मागे रेलून काहीतरी म्हणाला, सगळी खोली हसायला लागली, एकानं व्हर्लिनच्या पाठीवर थाप मारली. व्हर्लिन हसला नाही. त्यानं पेला खाली ठेवला. मग मान फिरवून सरळ वजनघराच्या खिडकीकडे पाहिलं.

तिला लाज वाटायला हवी होती. तिनं वाट पाहिली. काही वाटलं नाही. अंगठ्याला चिमटा काढून पाहावा आणि चिमटा दुसऱ्याच कुणाला बसावा, तसं.

व्हर्लिन उठला, बाहेर आला, अंगण ओलांडलं. वजनघराच्या दाराकडे येईल असं तिला वाटलं, पण तो तिकडे वळला नाही. उतारावरून काट्यावर चढला आणि मधोमध येऊन, ट्रक थांबतात तिथं, तिच्या खिडकीसमोर उभा राहिला. ड्रायव्हरला खाली न उतरता बोलता यावं म्हणून तिथं भोंगा आणि माइक आहे. आतल्या पाटीवर आकडा उमटला. ट्रकचा काटा वीसच्या पटीत दाखवतो. एकशे ऐंशी.

ती पाटीकडेच पाहत राहिली. गाई होत्या त्या वर्षी सुगीच्या शेवटच्या दिवशी सगळे पुरुष गंमत म्हणून एकेक करून याच काट्यावर उभे राहिले होते, आणि तिनं भोंग्यातून सगळ्यांचे आकडे ओरडून सांगितले होते. व्हर्लिन दोनशे चाळीस. साठ पौंड गेले कुठं? पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवी भोकं पाडली होती, ती तिनं धुण्याच्या वेळी पाहिली होती. तीन भोकं. भोकं पाहिली होती, माणूस पाहिला नव्हता.

"मी सोयाबीन काढतोय म्हणे," भोंग्यातून व्हर्लिनचा आवाज आला.

तिनं माइकचं बटण दाबलं. उजव्या अंगठ्यानं दाबलं की नाही ते कळेना, म्हणून डाव्यानं पुन्हा दाबलं. "तोंडातून गेलं."

"एकरी किती निघालं विचारत होता हार्लन."

"मग काय सांगितलंस?"

"मार्लिसला विचारा म्हटलं. तोलते ती."

मागे एक ट्रक येऊन उभा राहिला.

"व्हर्लिन, गाडी आली मागे."

"असू दे. कशाला गेली होतीस कर्बीकडे?"

"माझी दोन बोटं गेलीत."

"कधीपासून?"

"मेपासून. तो म्हणतो, कण्यातून आहे. नवऱ्याला आणा म्हणतो, त्याशिवाय सुरू करत नाही."

व्हर्लिननं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "सांगायचं नाही का मला?"

"तीनदा सांगायला लागले."

"आणि?"

"आणि काही नाही."

ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. व्हर्लिननं मागे न पाहता एक हात वर केला. "किती वाजता?"

"गुरुवारी. चार वाजून दहा मिनिटांनी."

"बरं," तो म्हणाला, आणि उतरला. आकडा शून्यावर आला. समोरच्या खिडकीत म्हाताऱ्यांच्या सात टोप्या काचेला लागलेल्या होत्या.

गुरुवारी तो चर्चचा शर्ट घालून आला. कर्बीनं दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि भिंतीवरचा दिवा लावला. मार्लिस भिंतीवर उमटली, काळ्या रंगात पांढरी, मानेपासून खुब्यापर्यंत. कर्बी बोलायला लागला: इथं सात मणके, त्यांत कमान असायला हवी, ती नाही, इथं उजवीकडे ओढ, इथून नस निघते ती अंगठ्याला जाते. त्याचं बोलणं ठरीव होतं. याच खुर्चीतल्या शेकडो नवऱ्यांना त्यानं ते ऐकवलं होतं. मग तो थांबला. "व्हर्लिन, तुम्हाला काय दिसतं?"

व्हर्लिन उठून जवळ गेला. चाळीस वर्षं गाई पाहिलेला माणूस. अंगणाच्या टोकावरून एका नजरेत कुठलीचा कुठला खूर दुखतोय ते सांगायचा.

"डावीकडे भार टाकत नाहीये," तो म्हणाला. "डावा मागचा सांभाळते. अशी गाय वर्षभरात दुधाला कमी येते."

"गाय म्हणालास मला?" मार्लिस म्हणाली.

"चांगली गाय."

कर्बी हसला. मग वहीत पाहून म्हणाला, "झोपेचं यांनी 'ठीक' सांगितलंय."

"ठीक नाही," व्हर्लिन म्हणाला. चित्राकडेच पाहत होता. "चारला जागी होते. मी उठलो की. सहापर्यंत तशीच पडून असते. हलत नाही. झोपलेलं माणूस मधून मधून कूस बदलतं, पलंग वाजतो. खाली स्वयंपाकघरात ऐकू येतं सगळं. हिचा पलंग दोन तास वाजत नाही."

मार्लिसनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. शर्ट खांद्यांवरून सैल पडला होता.

"कशासाठी जाग्या राहतात?" कर्बीनं विचारलं.

बाहेर ट्वायलाचा फोन वाजला, तिनं उचलला, पलीकडच्याला वेळ दिली, ठेवला.

"मी शेडकडे जातो का ते ऐकायला," व्हर्लिन म्हणाला.

कर्बीनं पेन खाली ठेवलं.

"मी कॉफी पितो, मार्लिस," व्हर्लिन म्हणाला. "दोन कप. आणि बसतो. दुसरं काही नाही."

"तीन वर्षं तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग जिन्यावरून ओरडून सांगायचं, की कॉफी पितोय!"

"तू विचारलं नाहीस."

"असं विचारतात का कुणाला?"

"नाही विचारत," तो म्हणाला. "मला वाटलं, ऐकतेय तर ऐकू दे. कुणीतरी ऐकतंय हे बरं वाटायचं." मग जरा थांबून म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यात नसतीस ऐकत, तर मला नाही सांगता येत."

हे ऐकून आपल्याला रडू यायला हवं, असं मार्लिसला वाटलं. कुठून तरी यावं म्हणून ती थांबली. आलं नाही. तिच्या मनात फक्त गुणाकार झाला: दोन तास, तीनशे पासष्ट, तीन. दोन हजार एकशे नव्वद तास. आणि त्यातले पहिल्या हिवाळ्याचे वाया गेले नव्हते.

कर्बीनं दोघांकडे पाहिलं. हे त्याच्या ठरीव बोलण्यात नव्हतं. "व्हर्लिन," तो सावकाश म्हणाला, "आता पहिल्या हिवाळ्यासारखं आहे का?"

"नाही. आता नुसतं काही नाही."

"नुसतं काही नाही, हेही डॉक्टरला सांगण्यासारखं असतं. माझ्यासारख्याला नाही, दुसऱ्या. मी नंबर देतो. फोन लावाल?"

"ही लावेल," व्हर्लिननं मार्लिसकडे बोट केलं.

"मी नाही लावणार," मार्लिस म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं. "तुझा तू लाव. हार्लनशी बोलतोस तेवढा वेळ काढून."

व्हर्लिननं तिच्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला.

मग कर्बीनं तिला टेबलावर पालथी झोपवलं, मग उताणी. डोकं दोन्ही हातांत घेतलं, हळू हळू डावीकडे नेलं, आणि एकदम झटका दिला. वाळलेली कणसं मोडावीत तसा आवाज झाला. व्हर्लिन खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा, बसा," कर्बी म्हणाला. "नवऱ्यांनाच जास्त लागतं." मग मार्लिसला, "बोटांत काही?"

आजवर ती कुणालाही म्हणाली असती, हो, बरं वाटतंय. तिनं अंगठा पहिल्या बोटावर घासला.

"नाही."

"बरं केलंत सांगितलंत ते. आज लगेच काही कळायचं नव्हतंच. सहा आठवड्यांत बोटं ठिकाणावर आली नाहीत तर नसांच्या डॉक्टरकडे पाठवीन, माझ्या हाताला धरून बसायचं नाही."

"सुगी तीन आठवड्यांवर आहे."

"सुगीचं मी काही सांगू शकत नाही."

"पावत्या मी वेगळ्या करून देईन," व्हर्लिन म्हणाला. "साडेनऊला तिथं असतोच मी."

"तीनशे गाड्या असतात. साडेनऊला फासे टाकून यायचास तू."

"सकाळी सातला येईन मग."

वजनघरात दोन माणसांना पुरेल अशी जागा नव्हती. स्टूल एकच होतं. दुसरं सोसायटीकडे मागावं लागणार होतं, आणि लेखी मागावं लागणार होतं.

बाहेर पडले तेव्हा पाचसुद्धा झाले नव्हते. व्हर्लिननं ट्रक सुरू केला आणि घराकडे वळायच्या ऐवजी मुख्य रस्त्यानं सरळ गेला. चौकातल्या खाणावळीसमोर थांबवला. इथं ते गाई असताना महिन्यातून एकदा, दुधाचा चेक आला की यायचे.

"भूक आहे?" मार्लिसनं विचारलं.

"नाही."

"दुपारी काय खातोस तू? मी नसते तेव्हा?"

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. "काही नाही," तो म्हणाला. "डबा उघडतो. बंद करतो."

आत जाऊन त्यांनी गरम बीफ मागवलं, खाली पाव, बाजूला कुस्करलेले बटाटे, वर रस्सा. वाढणाऱ्या बाईनं व्हर्लिनला ओळखलं नाही, मग ओळखलं, आणि तोंड मिटून घेतलं. मार्लिसनं काटा डाव्या हातात धरला. मान हलवली की आत काहीतरी सैल होऊन लोंबल्यासारखं वाटत होतं. बरं की वाईट ते ठरवता येईना.

व्हर्लिन हळू खात होता, प्रत्येक घास काम असल्यासारखा. मध्येच त्यानं विचारलं, "पुढची वेळ केव्हा?"

"सोमवारी. चार दहा."

"मग सोमवारी इथंच येऊ."

"बरं."

त्यानं काटा खाली ठेवला. मांस बरंचसं गेलं होतं, पावाची एक कडही; बटाटे जवळजवळ सगळे उरले होते. मार्लिस 'आणखी खा' म्हणाली नाही. बाई ताट उचलायला आली, तेव्हा तिनं हातानं थोपवलं, आणि काय उरलंय ते एकदा नीट पाहून घेतलं.